चौदा पावलं

सगुणा कात्रीने अळूच्या पानांच्या जळक्या कडा कापत होती. कडेची तपकिरी पट्टी काढून टाकली की उरलेलं पान लांबून चांगलं हिरवंगार दिसतं, जरा लहान दिसतं एवढंच. जास्वंद तिने काल संध्याकाळीच उरकली होती. आता अळू, मग कर्दळ, आणि हात पोचला तर पपई. कात्री धनेशच्या दाढीच्या डब्यातली होती. सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना ती त्याला सापडली नव्हती आणि तो चहा न घेताच तणतणत गेला होता.

“सगल्यांची हजामत झाली काय गो?” ओटीवरून जनूने विचारलं.

“तुमी गप बसा. आनि आज दिवसभर गपच बसा.”

“मी कवा बोलतो?”

ते खरं होतं. पस्तीस वर्षं मिठागरात उन्हाखाली फावडं ओढलेल्या तिच्या नवऱ्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. पण बोलला की तो खरं बोले, आणि सगुणाला आज नेमकी त्याचीच धास्ती होती.

कापलेल्या कडा पदरात गोळा करून तिने चुलीत टाकल्या. मग टोपलीतली तांबडी माती झाडांच्या आळ्यांत पसरायला घेतली. आळ्यांत मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. तो तिने खुरप्याने खरवडून काढला होता, पण दोन दिवसांत तो पुन्हा येई, म्हणून ही वरून माती. हायवेपलीकडच्या टेकडीवरून ती आणि शेजारची गंगी पंधरा दिवस डोक्यावरून माती वाहत होत्या. सगुणाची मान अवघडली होती, पण ते सांगायचं कुणाला?

तीन वर्षांपूर्वी, आषाढातल्या उधाणाला, खाडीच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं. पूर्वी खांड पडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावायचा आणि दोन दिवसांत ती बुजायची. आता निम्मं गाव शिफ्टला. बांध कुणी बांधायचा यावर सभा झाल्या, चहा झाला, फोटो निघाले, आणि खांड होती तिथेच राहिली. शेतं गेली ती गेलीच, पण विहिरीही बिघडल्या. पावसाळ्यात पाणी बरं असे, दिवाळीला मचूळ होई आणि संक्रांतीनंतर तोंडात धरवत नसे. मग गावच्या बायका वडखळच्या रस्त्यावरच्या नळावरून पाणी आणत. जायला अर्धा तास, यायला त्याहून जास्त, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी.

तेव्हापासून गावात एकही सून आली नव्हती. गावातल्या मुली लग्न होऊन बाहेर गेल्या, त्यांची वऱ्हाडं वाजतगाजत गेली, पण आत कुणी आलं नाही. मुलगा बघायला आलेली माणसं ओटीवर टेकायच्या आधी विहिरीत डोकावत. धनेशची अशी पाच ठिकाणं मोडली होती. तो एकोणतीस वर्षांचा झाला होता. त्याच्या बरोबरीच्या दोघांनी पेणला भाड्याची खोली घेऊन लग्नं केली आणि मग आईबापांना भेटायला ते सणासुदीला यायला लागले. रात्रीची भाकरी वाढताना सगुणा मुलाच्या तोंडाकडे बघे. हाही जाणार, आज ना उद्या.

परसबाग फेरीची कल्पना गंगीची. गंगी महिला मंडळाची अध्यक्ष, आणि तिचेही दोन दीर बिनलग्नाचे.

“आपल्याकडं कोन येत नाय ना? मंग आपनच बोलवून आनू,” ती म्हणाली होती. “पेनच्या बाया आनू, पंचायत समितीच्या मृणालीबाईंना आनू. घरोघरचा परस दावायचा. हिरवा परस बघितल्यावर पानी कसं हाय असं कोन विचारतंय?”

मृणालीबाईंना कल्पना फारच आवडली. इतकी आवडली की गंगीने मागितलेला कार्तिक महिना त्यांनी रद्द केला आणि फेरी संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला जोडून टाकली. वाण म्हणून प्रत्येक घराने एकेक रोप लुटायचं, असं त्यांनी ठरवून दिलं. कार्तिकात विहिरी निदान मचूळ असत्या. पण बाईंना हे सांगायचं कसं? सांगितलं असतं तर फेरीच कशाला हवी होती?

म्हणून महिनाभर गावातल्या माणसांनी खाऱ्या पाण्याने आंघोळी केल्या आणि झाडं नळाचं पाणी प्यायली. हे असं गाव होतं.

फेरी दहा वाजता सुरू झाली. पेणहून टेम्पो भरून बायका आल्या, जरीच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून. मृणालीबाईंच्या हातात वही होती. बायकांचा घोळका एकेका परसात शिरे, वालाच्या मांडवाखाली उभा राही, “अगंबाई, केवढ्या शेंगा!” म्हणे आणि पुढे सरके. गुलाबाची कुंडी गावात एकच होती, हिरामणच्या घरची. घोळका ओटीवर हळदीकुंकू घेत असताना ती मागल्या दाराने पुढच्या परसात जाई. चौथ्या घरी मृणालीबाई तिच्यापाशी थबकल्या.

“तुमच्या गावात ह्या गुलाबाची फारच आवड दिसते हो.”

“व्हय ना,” गंगी म्हणाली. “घरटी एक हायच.”

आणि विहिरीवर कुठेच दोर नव्हता. कुणाचा कुजला होता, कुणाचा उंदरांनी कुरतडला होता, कुणी धुऊन वाळत घातला होता. बायकांना प्यायला पाणी मिळालं ते चकचकीत घासलेल्या कळशीतून. कळशी सगळीकडे विहिरीच्या काठावर ठेवलेली होती, म्हणजे बघणाऱ्याने काय ते समजावं.

सगुणाचं घर शेवटून दुसरं. घोळका आला तेव्हा तिचं लक्ष एकाच चेहऱ्याकडे होतं. रोह्याची शांतीबाई. गंगीच्या बहिणीने सुचवलेलं स्थळ, म्हणून गंगीने तिलाही फेरीला बोलावलं होतं. महिन्यापूर्वी सगुणा आणि धनेश रोह्याला जाऊन तिची मुलगी बघून आले होते. दिपिका नाव. खिडकीजवळ चटईवर बसून ती अबोलीचा वळेसर करत होती. गोल चेहरा, मोठे डोळे, विचारलं तेवढ्यालाच उत्तर. पोहे धाकटी बहीण करिश्मा घेऊन आली, पाणीही तिनेच दिलं. ही तासभर जागची हलली नाही. गावात आल्यावर सगुणाने दहा जणींना सांगितलं होतं, “शांत म्हंजे किती गो! आमी निगालो तरी तोंडातनं शब्द नाय.” धनेशने दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि तो शीळ घालत शिफ्टला गेला. तीन वर्षांत सगुणाने ती शीळ ऐकली नव्हती.

त्या दिवशी शांतीबाईने विचारलं होतं, “पानी कुटनं भरता?”

“दारात विहीर हाय,” सगुणा म्हणाली होती.

विहीर दारात होती हे काही खोटं नव्हतं.

“या, या. दिपिकाला नाय आनलंत?” सगुणाने आता हळदीकुंकू लावता लावता विचारलं.

“घरात पाव्हनं हाईत. म्हटलं आपनच जाऊन येऊ.” शांतीबाई सावळी, वाळकी, डोळ्यांखाली काळं झालेली बाई होती. ती बाकीच्या बायकांसारखी झाडं बघत नव्हती. तिने स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा बघितला. उंबरा बघितला. मग उंबऱ्यावरून खाली उतरून ती सरळ विहिरीकडे चालायला लागली, पायाकडे बघत, ओठ हलवत. विहिरीच्या काठाशी पोचल्यावर ती वळली.

“चौदा पावलं,” ती म्हणाली.

“काय?”

“नाय, म्हटलं जवळ हाय.” तिने मधल्या वाटेवर पाय दाबून बघितला. “पावसात निसरडं होतं काय हो इथं?”

“फरशी टाकू की आमी. धनेश टाकंल.”

“टाका,” शांतीबाई म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. “दारात पानी असलं की बाईला घराच्या भायेर पाय टाकायला लागत नाय. तेवढंच बघायचं व्हतं मला. बाकी काय, तुमी मानसं चांगली हाव.”

सगुणाला बरं वाटलं. तिने कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि पुढे केलं.

“ह्ये नको. दिवस चढलाय, कळशी तापली असंल. विहिरीतनं काढून द्या ना ताजं.”

“दोर कुजलाय वो. नवा आनायचाय,” सगुणा म्हणाली.

घोळका पपईखाली होता. गंगी तिथून मान उंच करून बघत होती. आणि ओटीवरून जनू उठला. तो भिंतीला धरत पडवीत गेला, कौलांखाली खोचलेला दोर काढला, पोहऱ्याला बांधला आणि पोहरा विहिरीत सोडला. सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला थांबवायचं तर चार माणसांत बोलावं लागलं असतं. आणि त्याला वेड्यात काढलं असतं तरी दोर तर सगळ्यांसमोर होताच, चांगला नवा, पिवळा.

“घे बाय,” जनू म्हणाला.

शांतीबाईने पदर खोचला आणि ओंजळ धरली. जनूने पोहरा तिरका केला. ती वाकून प्यायली, एकच घोट. घोट तिच्या तोंडातच राहिला. गाल फुगलेले, डोळे विहिरीच्या तळाकडे. आता ही चूळ टाकणार. सगळ्यांच्या देखत, इथेच, तांबड्या मातीवर. मग टेम्पोभर बायका आणि वहीवाल्या बाई, आणि संध्याकाळपर्यंत पेणपासून रोह्यापर्यंत. धनेशचंच नव्हे, सगळ्या गावाचं होत्याचं नव्हतं होणार होतं.

शांतीबाईने मान वर केली. तिने सगुणाकडे बघितलं, चांगलं रोखून, सगुणाला डोळे खाली घालावे लागले इतकं. मग तिचा गळा हलला.

“काय हो शांतीबाई, कसं आहे पाणी?” मृणालीबाईंनी पपईखालून सहज विचारलं.

“गोड हाय,” शांतीबाई म्हणाली.

तिने ओंजळीतलं उरलेलं पाणी खाली टाकलं आणि पदराने तोंड पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं.

घोळका शेवटच्या घराकडे निघाला. शांतीबाई मागे राहिली. सगुणाने वाणाचं अबोलीचं रोप केळीच्या पानात बांधून तिच्या हातात दिलं.

“दिपिकाला आवडंल,” शांतीबाई रोपाकडे बघत म्हणाली. “तिचा हात चांगला हाय झाडांना. बसून बसून सगला परस लावलाय तिनं आमचा.”

“शांतीबाई, पानी…”

“फाल्गुनात धरूया तारीख,” शांतीबाई घाईने म्हणाली. “बोलनी नकोत, मानपान नको. आता कुनी कुनाला काय विचारायला नको.” आणि ती पायवाटेने झपझप निघून गेली. जाताना तिने विहिरीकडे बघितलं नाही.

टेम्पो गेल्यावर गंगी धावत आली आणि तिने सगुणाला मिठीच मारली. “जमलं गो, सगुणे! जमलं! तीन वर्षांनी पयली सून! तुज्या पावलावर आमचंबी व्हईल बघ.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगुणाही हसली. ज्याच्यासाठी महिनाभर मान मोडली ते झालं होतं, मग हसायला नको?

गंगी गेल्यावर जनूने दोर सोडून पुन्हा कौलाखाली खोचला.

“का काढलंत पानी?” सगुणाने विचारलं. तिला रागवायचं होतं, पण आवाजात जोर नव्हता.

“तिनं मागितलं. तानलेल्या मानसाला नाय कसं म्हनू?” तो ओटीवर टेकला. मग म्हणाला, “जल्मभर मीठ काढलं मी. कोनत्या पान्यात किती मीठ ते जिभंवर ठेवून सांगतो. त्या पान्याला गोड म्हननारी आज पयली बघितली.”

“हं.”

“आनि पावलं का मोजत व्हती गो ती?”

सगुणा अळूच्या आळ्यापाशी उभी होती. ती उत्तर देणार होती, की आईच ती, लेकीसाठी मोजणारच. पण शब्द तोंडात येईपर्यंत तिला रोह्याची ती खोली दिसली. खिडकी, चटई, अबोली. पोहे करिश्माने आणले. पाणी करिश्माने दिलं. पाया पडायची वेळ आली तेव्हा शांतीबाई म्हणाली होती, ऱ्हाऊ दे, लग्नानंतर पडायचंच हाय. सगुणा आणि धनेश अंगणात आले, फाटकातून बाहेर पडले, वळून बघितलं तेव्हा खिडकीतून तेच मोठे डोळे बघत होते. आपण त्या मुलीला उभी अशी पाहिलीच नाही. चालताना तर नाहीच नाही.

तिने उंबऱ्यापासून विहिरीपर्यंतची वाट पुन्हा बघितली.

“काय झालं?” जनूने विचारलं.

“काय नाय.”

धनेश चारला आला. त्याला गंगीने वाटेतच सांगितलं होतं. तो मोरीवर पाय धूत राहिला, आणि मग शीळ घालायला लागला. सगुणा चुलीपुढे बसून ती ऐकत होती. त्याला सांगावं असं तिला फार वाटलं. पण मुलीचं सांगायचं तर पाण्याचंही सांगावं लागणार, आणि शांतीबाईने तिथे, त्या काठावर, दोन्ही गोष्टी एका घोटात गिळल्या होत्या. तिने भाकरी उलटली. भाकरी करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंडा-कळशी घेऊन नळावर निघाली आणि उंबऱ्यापासूनच मोजायला लागली. विहिरीशी चौदा झाली. तिथून पुढे बांधाचा रस्ता, दोन्ही अंगांना पाणथळ, पांढरी पडलेली शेतं, त्यांत बगळे. शंभर झाली की ती एक बोट दुमडत होती. बोटं दोनदा संपली. नळाशी पोचली तेव्हा दोन हजार तीनशे आणि वर काही, तिथे कुणी तरी “काय गो सगुणे” म्हणालं आणि ती विसरली.

येताना बांधावर मागेपुढे कुणी नव्हतं. ती थांबली. आणि मग डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी तशीच ठेवून तिने डावा पाय ओढत एक पाऊल टाकलं. मग दुसरं. कळशी कलंडली. पाणी तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, पाठीवरून खाली आलं. ती तरी चालत राहिली, एक पाय टाकत, एक ओढत, पावलं मोजत. तेविसाव्या पावलाला कळशी घसरली. तिने ती हाताने धरली, पण पाणी गेलं. तेवीस. ती बांधावर खाली बसली आणि तिला रडू आलं. ते कुणासाठी आलं, त्या पोरीसाठी, तिच्या आईसाठी की स्वतःसाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

घरी पोचली तेव्हा धनेश ओटीवर चहा पीत होता. आज त्याची दुसरी शिफ्ट होती.

“आये, भिजलीस कशी?”

“धनेश, लग्न झालं की पानी तू आनायचं. सायकलला दोन कॅन बांधून.”

तो हसायलाच लागला. “मी? गावात कोन बाप्या पानी भरतो? गाव तोंडात शेन घालंल माज्या.”

“घालू दे.”

“आनि ती काय करंल मंग?”

सगुणाने परसाकडे बघितलं. कालची तांबडी माती ओलसर होती, आणि तिच्यातून जागोजागी पांढरं वर यायला लागलं होतं.

“झाडं लावंल,” ती म्हणाली, आणि रिकामी कळशी तिने त्याच्या हातात दिली.